नव्या हाडाचा हात

इ. स. १८७९ मधली ही गोष्ट. स्कॉटलंडमधील ग्लासगो शहराच्या रॉयल इन्फर्मरी या मोठ्या रुग्णालयात सुमारे चार वर्षांचा एक मुलगा इलाजासाठी आला होता. त्याच्या उजव्या हाताला खांदा होता, कोपर होते, पंजा होता, बोटे होती. फक्त दंडात हाड नव्हते. आदल्या वर्षी त्याच्या दंडाच्या हाडात पू झाला होता. हाड आतून कुजून मेले आणि ते काढून टाकावे लागले. त्या जागी नवे हाड येईल, या आशेने वर्षभराहून अधिक काळ वाट पाहिली. पण हाड आले नाही. दोरीला बांधलेल्या वस्तूसारखा तो हात नुसता लोंबकळत राहिला. अशा हाताने पाण्याचा पेला उचलता येत नाही, की सदऱ्याची गुंडी लावता येत नाही. उलट दुसऱ्या हातालाच त्याला सांभाळावे लागते.

असा निकामी हात पाहिला, की त्या काळी बहुतेक डॉक्टरांना एकच इलाज सुचत असे. तो म्हणजे हात कापून टाकणे. या मुलाचा हात मात्र कापला गेला नाही. ज्या डॉक्टरांकडे तो आला, त्यांचे नाव विल्यम मॅक्यूएन. त्यांचे वय तेव्हा ३१ वर्षांचे होते.

मॅक्यूएन यांचा जन्म २२ जून १८४८ रोजी स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळील ब्यूट नावाच्या बेटावर झाला. बारा भावंडांत ते सर्वांत धाकटे. वडील समुद्रमार्गे व्यापार करीत. पुढे हे कुटुंब ग्लासगोला राहायला आले. ग्लासगो हे क्लाइड नदीच्या काठचे कारखान्यांचे शहर होते. नदीवर जहाजे बांधली जात. लोखंडाच्या भट्ट्या रात्रंदिवस जळत. मजुरांच्या वस्त्या इतक्या दाट होत्या आणि आकाशात धूर इतका असे, की अरुंद गल्ल्यांत ऊन क्वचितच पोहोचे. या उन्हाचा आपल्या गोष्टीशी फार जवळचा संबंध आहे. तो पुढे कळेल.

विल्यम यांनी ग्लासगोच्या विद्यापीठात वैद्यकाचे शिक्षण घेतले. त्यांचे नशीब असे, की त्या वर्षांत तेथे जोसेफ लिस्टर हे शस्त्रक्रियेचे प्राध्यापक होते. त्या काळी शस्त्रक्रियेपेक्षा शस्त्रक्रियेनंतरची जखमच माणसाचा जीव घेत असे. जखम चिघळे, पू होई, ताप चढे आणि रोगी दगावे. मोडलेले हाड कातडी फाडून बाहेर आले असेल, तर जीव वाचवण्यासाठी तो पाय किंवा हात कापून टाकीत. १८६५ साली गाडीखाली सापडून पाय मोडलेला अकरा वर्षांचा एक मुलगा लिस्टर यांच्याकडे आला. लिस्टर यांनी त्याच्या जखमेवर कार्बोलिक ॲसिडची पट्टी बांधली. जखम चिघळली नाही, हाड जुळले आणि मुलगा आपल्या पायांनी घरी गेला. जखमेत शिरणारे सूक्ष्म जंतू हेच खरे वैरी आहेत, हे लिस्टर यांनी ओळखले होते.

१८६९ मध्ये मॅक्यूएन डॉक्टर झाले. त्याच वर्षी लिस्टर ग्लासगो सोडून एडिंबरोला गेले. पण त्यांची शिकवण या शिष्याने सोडली नाही. काही काळ त्यांनी तापाच्या रुग्णालयात काम केले, नंतर पोलिसांचे डॉक्टर म्हणून नोकरी केली. मारामारीत फुटलेली डोकी, यंत्रात सापडलेले हात, जहाजावरून पडलेले मजूर असे नाना प्रकारचे रोगी रोज समोर येत. पुस्तकात नसलेले बरेच काही ते या नोकरीत शिकले. पुढे ते रॉयल इन्फर्मरीत शस्त्रक्रिया करू लागले.

लिस्टर जखमेतले जंतू मारीत. मॅक्यूएन एक पाऊल पुढे गेले. जंतू मुळात जखमेपर्यंत पोहोचूच नयेत, असा त्यांचा प्रयत्न होता. ते ब्रशने घासून हात धूत. अंगावर स्वच्छ केलेला झगा घालीत. त्या काळी शस्त्रक्रियेच्या हत्यारांना लाकडाच्या किंवा हस्तिदंताच्या मुठी असत. मूठ आणि पाते यांच्या सांध्यात रक्त अडकून राही आणि तेथे जंतू वाढत. म्हणून त्यांनी मुठीसकट एकाच पोलादाची हत्यारे बनवून घेतली. ती उकळून स्वच्छ करता येत. आज हे अगदी साधे वाटते. त्या काळी मात्र पुष्कळ डॉक्टर जुना, रक्ताचे डाग पडलेला कोट घालूनच शस्त्रक्रिया करीत!

आता उन्हाकडे वळू. ग्लासगोच्या गल्ल्यांत हजारो मुले मुडदूस या रोगाने पछाडलेली होती. अंगावर पुरेसे ऊन पडले नाही, की शरीरात ड जीवनसत्त्व तयार होत नाही. मग हाडे मऊ राहतात आणि शरीराच्या वजनाने वाकतात. कोणाचे पाय धनुष्यासारखे बाहेर वाकलेले, तर कोणाचे गुडघे चालताना एकमेकांवर आपटणारे. ड जीवनसत्त्वाचा शोध तेव्हा लागलेला नव्हता. त्यामुळे रोगाचे कारण डॉक्टरांना ठाऊक नव्हते, पण वाकडे पाय रोज डोळ्यांसमोर होते. मॅक्यूएन यांनी हे पाय सरळ करण्याचे काम हाती घेतले. त्यासाठी त्यांनी सुताराच्या पटाशीसारखे एक हत्यार तयार केले. त्याच्यावर मापाच्या खुणा कोरलेल्या असत, म्हणजे ते हाडात किती खोल गेले ते कळे. भूल दिलेल्या मुलाच्या पायाचे हाड या हत्याराने योग्य जागी कापायचे, पाय सरळ करायचा आणि हाड जुळेपर्यंत तो लाकडी पट्ट्यांत बांधून ठेवायचा, अशी त्यांची पद्धत होती. नडगीचे हाड पुढे वाकलेले असेल, तर त्यातून पाचरीच्या आकाराचा एक तुकडा काढून टाकावा लागे. काही वर्षांतच त्यांनी अशा हजाराहून अधिक शस्त्रक्रिया केल्या. १८८० साली त्यांनी या विषयावर पुस्तक लिहिले आणि ते दूरदूरच्या डॉक्टरांनी वाचले.

नडगीतून काढलेल्या या पाचरी कोणाच्याही उपयोगाच्या नव्हत्या. त्या फेकून दिल्या जात. एकीकडे काही मुलांच्या पायांतून जिवंत, ताजे हाड काढून टाकले जात होते आणि दुसरीकडे एका मुलाच्या दंडात हाडच नव्हते. मॅक्यूएन यांच्या मनात या दोन गोष्टी जुळल्या. एका माणसाचे हाड दुसऱ्या माणसाच्या शरीरात लावले तर ते तेथे वाढेल काय? असा प्रयोग यशस्वी झाल्याची खात्रीची नोंद तोवर कोठेही नव्हती.

त्यांनी त्या मुलाचा दंड उघडला. हाड जेथे असायला हवे होते, तेथे स्नायूंमध्ये एक खाच केली. त्याच वेळी पाय सरळ करण्यासाठी आणलेल्या मुलांच्या नडगीतून निघालेल्या पाचरी त्यांनी घेतल्या. पण त्या सबंध बसवल्या नाहीत. त्यांचे बारीक बारीक तुकडे केले आणि ते त्या खाचेत ओळीने मांडले. तुकडे लहान असले, तर भोवतालच्या रक्ताचे पोषण त्यांच्या सर्व बाजूंना मिळेल आणि त्यांतून नवे हाड लवकर फुटेल, असा त्यांचा विचार होता. सगळे काम एकाच वेळी केले नाही. काही महिन्यांच्या अंतराने, टप्प्याटप्प्याने पुढचे तुकडे बसवले. प्रत्येक वेळी धास्ती एकच होती. जखमेत पू झाला, तर तुकडे मरणार आणि हातही जाणार.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. त्या काळी क्ष-किरण नव्हते. त्यांचा शोध १८९५ साली लागला. आत हाड तयार होते आहे की नाही, हे पाहण्याचा कोणताही मार्ग नव्हता. डॉक्टरांना दंड बोटांनी चाचपून पाहावा लागे. जेथे नुसते मांस लागत होते, तेथे हळूहळू काहीतरी टणक लागू लागले. मग ते टणक भाग एकमेकांना जोडले गेले. शेवटी खांद्याकडच्या टोकापासून कोपराकडच्या टोकापर्यंत एक अखंड दांडा तयार झाला. मुलाला हात उचलता येऊ लागला. १८८१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात या इलाजाची हकिकत छापून आली. दंडाच्या हाडाचा दोन-तृतीयांशाहून अधिक भाग नव्याने तयार झाला होता.

मॅक्यूएन यांनी त्या मुलाला नजरेआड होऊ दिले नाही. मूल मोठे झाले तसे ते नवे हाडही वाढले. हात दुसऱ्या हातापेक्षा आखूड राहिला, हे खरे. पण सुमारे तीस वर्षांनी त्यांनी त्याला पुन्हा तपासले, तेव्हा तो धडधाकट माणूस झाला होता आणि त्या हाताने मेहनतीची कामे करून आपले पोट भरीत होता.

हा हात बरा झाला, पण त्यातून एक मोठा वाद उभा राहिला. हाड नेमके कोण तयार करते? बकरी ईदच्या दिवशी घरात नळी साफ करताना तुम्ही पाहिले असेल, हाडावर एक पातळ, चिवट, पांढुरके आवरण असते. सुरीने खरवडले की ते सुटून येते. अठराव्या शतकात फ्रान्समधील द्युआमेल या शास्त्रज्ञाने प्राण्यांच्या हाडांभोवती चांदीच्या तारा गुंडाळल्या. काही काळाने त्या तारा हाडाच्या आत गेलेल्या दिसल्या. झाडाच्या सालीखाली जसे नवे लाकूड तयार होते, तसे या आवरणाखाली नवे हाड तयार होते, असा निष्कर्ष त्याने काढला. पुढे ओलिए या फ्रेंच डॉक्टरनेही अनेक प्रयोगांनी तेच सांगितले. बहुतेक सर्व डॉक्टरांना हे मान्य होते.

मॅक्यूएन यांना ते मान्य नव्हते. त्यांचे म्हणणे असे, की हाड तयार करतात त्या हाडातल्याच पेशी. आवरण हे नुसते कुंपण आहे. वाढते हाड भलतीकडे पसरू नये म्हणून ते त्याला आवरून धरते. हे सिद्ध करण्यासाठी त्यांनी प्राण्यांवर वर्षानुवर्षे प्रयोग केले. आवरण खरवडून काढलेले हाड वाढते का, ते पाहिले. हाडाचे कीस शरीरात ठेवून पाहिले. इतकेच नव्हे, तर काचेच्या नळीत बंद केलेल्या जागेत, जेथे आवरण पोहोचूच शकत नाही, तेथेही हाड भरते का, ते पाहिले. १९१२ साली हाडाच्या वाढीवरील आपल्या पुस्तकात त्यांनी हे सर्व मांडले.

या वादात मॅक्यूएन अर्धेच बरोबर ठरले. हाडातल्या पेशी हाड तयार करतात, हे खरे. पण त्या आवरणाच्या आतल्या थरातही हाड तयार करणाऱ्या पेशी असतात, हे आज निश्चित झाले आहे. मोडलेले हाड जुळते त्यात या थराचा मोठा वाटा असतो. आणखी एक गोष्ट त्यांना ठाऊक नव्हती. दुसऱ्याच्या शरीरातून आणलेल्या हाडातील पेशी बहुधा मरून जातात. मग त्या मुलाच्या दंडात नवे हाड कोठून आले? त्याचे उत्तर मिळायला बराच काळ जायचा होता.

मॅक्यूएन मोठे हट्टी आणि करारी होते. त्यांच्या विभागात त्यांचाच शब्द चाले आणि विद्यार्थी त्यांना वचकून असत. १८७९ साली त्यांनी डोक्याच्या कवटीखालची गाठ काढून एका मुलीचा जीव वाचवला. तेव्हा मेंदूला हात लावायला डॉक्टर भीत असत. १८८९ मध्ये अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स या नव्या विद्यापीठाने त्यांना बोलावले. पण आपल्या परिचारिका आपल्याच हाताखाली हव्यात, ही त्यांची अट मान्य झाली नाही, म्हणून ते गेले नाहीत. परिचारिका नीट शिकलेली नसेल, तर डॉक्टरने कितीही कुशलतेने केलेली शस्त्रक्रिया वाया जाते, असे त्यांचे मत होते. मला ही अट हट्टाची वाटत नाही. १८९२ मध्ये ते ग्लासगो विद्यापीठात प्राध्यापक झाले. एके काळी लिस्टर यांच्याकडे होते तेच हे पद. १९०२ साली त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला.

पहिले महायुद्ध सुरू झाले, तेव्हा ते साठी ओलांडून गेले होते. हजारो सैनिक हात-पाय गमावून परत येत होते. आयुष्यभर दुसऱ्यांचे हात-पाय वाचवण्याच्या मागे लागलेल्या या माणसासमोर आता असे जवान होते, ज्यांच्या बाबतीत वाचवायला काही उरले नव्हते. कृत्रिम हात-पाय पुरेसे मिळत नव्हते. मॅक्यूएन यांनी पुढाकार घेतला आणि १९१६ मध्ये ग्लासगोजवळ एर्स्किन येथे या सैनिकांसाठी रुग्णालय सुरू झाले. मग ते क्लाइड नदीकाठच्या जहाजबांधणीच्या कारखान्यांत गेले. तेथील कुशल सुतारांच्या आणि कारागिरांच्या मदतीने त्यांनी हलके, टिकाऊ लाकडी पाय तयार करवून घेतले. जहाजे घडवणारे हात माणसांसाठी पाय घडवू लागले.

हाडाचे कोडे मात्र त्यांच्या मनातून गेले नव्हते. म्हातारपणी ते हरणांच्या शिंगांचा अभ्यास करीत होते. गाय-बकरीचे शिंग आयुष्यभर टिकते. सांबरासारख्या नराचे शिंग म्हणजे चक्क हाडच असते. ते दरवर्षी गळून पडते आणि काही महिन्यांत पुन्हा पूर्ण वाढते. इतके हाड इतक्या लवकर कसे तयार होते, यावर त्यांनी १९२० साली पुस्तक लिहिले. २२ मार्च १९२४ रोजी ग्लासगो येथे त्यांचे निधन झाले.

त्यांनी सोडलेल्या प्रश्नाचे उत्तर अमेरिकेतील मार्शल युरिस्ट या डॉक्टरने शोधले. युरिस्ट यांनी हाडाचे तुकडे आम्लात ठेवून त्यांतील चुना वगैरे कठीण क्षार काढून टाकले. जिवंत पेशीही त्यांत उरल्या नव्हत्या. असे मऊ झालेले तुकडे त्यांनी सशांसारख्या प्राण्यांच्या स्नायूंत ठेवले. काही आठवड्यांनी त्या मांसात नवे हाड तयार झाले! हे १९६५ साली प्रसिद्ध झाले. म्हणजे हाडात असे काही प्रथिन असते, जे भोवतालच्या पेशींना जणू निरोप देते, की येथे हाड बांधा. १९८८ मध्ये अशा प्रथिनांची जनुके शास्त्रज्ञांच्या हाती लागली आणि ती प्रथिने प्रयोगशाळेत तयार करता येऊ लागली.

मॅक्यूएन यांनी मांडलेले तुकडे मुलाच्या दंडात दोन कामे करीत होते. नव्या पेशींना आधार देत होते आणि त्यांना निरोपही देत होते. कारल्याच्या वेलाला मांडव लागतो. मांडव नसेल तर वेल जमिनीवरच पसरतो. हाडाचेही तसेच आहे. आज शास्त्रज्ञ हा मांडव यंत्राने छापतात. रोग्याच्या हाडातील पोकळीचे चित्र आधी संगणकावर घेतात. मग पॉलिमर, म्हणजे प्लॅस्टिकच्या जातीचा पदार्थ वितळवून, त्याच्या बारीक धाग्यांचे थर एकावर एक आडवे-उभे रचतात. धाग्यांमध्ये साधारण अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान भोके ठेवतात. त्यांतून पेशी आणि रक्तवाहिन्या आत शिरू शकतात. हा पॉलिमर शरीरात हळूहळू विरघळून जातो. त्यातील एका प्रकाराला त्यासाठी दोन-तीन वर्षे लागतात. वेल उभा राहिला की मांडव नाहीसा होतो! या मांडवावर वाढीची प्रथिने चढवलेली असतात.

ही प्रथिने वापरणे मात्र वाटते तितके सोपे नाही. २००२ साली अमेरिकेत पाठीच्या कण्याच्या शस्त्रक्रियेसाठी अशा एका प्रथिनाला परवानगी मिळाली. ते एका मऊ स्पंजात भिजवून वापरीत. पण त्याची मात्रा फार मोठी असे. काही डॉक्टरांनी ते मानेच्या शस्त्रक्रियेत वापरले, तेव्हा रोग्यांच्या गळ्याला सूज येऊन त्यांचा श्वास अडू लागला. २००८ साली तेथील सरकारला तसा इशारा द्यावा लागला. निरोप सगळा एकदम ओतला, तर तो भलतीकडेही पोहोचतो. म्हणून छापलेल्या मांडवातून प्रथिन थोडे थोडे, पुष्कळ दिवस पाझरत राहावे, यासाठी प्रयोगशाळांत खटपट चालू आहे. त्यातले बरेचसे प्रयोग अजून प्राण्यांवरच होत आहेत. एरवी हाडाची मोठी पोकळी भरायची असेल, तर शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर आजही बहुधा रोग्याच्याच कमरेच्या हाडाचे तुकडे काढून तेथे भरतात.

या कामातली सर्वांत मोठी अडचण जुनीच आहे. छापलेला तुकडा मोठा असला, की त्याच्या कडांना हाड लवकर येते. मध्यभागापर्यंत मात्र रक्त पोहोचत नाही, तेथल्या पेशी उपाशी मरतात आणि मधली जागा रिकामीच राहते. म्हणून आता हाड वाढवणाऱ्या प्रथिनाबरोबर रक्तवाहिन्या वाढवणारे प्रथिनही मांडवावर ठेवून पाहतात, आणि रक्ताला आत जायला वाटा मिळाव्यात म्हणून भोकांची मापे पुन्हा पुन्हा बदलतात. ग्लासगोच्या त्या मुलाच्या दंडात पाचरी सबंध न बसवता त्यांचे बारीक तुकडे केले होते, ते याच अडचणीसाठी.